नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज टाकताय? आधी पुसू नका

गणपती विसर्जन झालं की कुडाळात माझ्या दुकानात एक ठरलेली लाट येते. मुंबईहून आलेल्या भाच्याने घरातल्या नव्या लॅपटॉपवरचं विंडोज ११ काढून विंडोज १० 'मारून' दिलेलं असतं, आणि भाचा कोकणकन्येने परत गेलेला असतो. मग काका पिशवीत लॅपटॉप घालून हजर. "काय केल्यान ता देव जाणे, पण आता वायफायच दिसना नाय."

भाच्याची चूक एकच असते. विंडोज टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीचं आहे, आणि तो थेट 'डिलीट पार्टिशन'वर, म्हणजे डिस्क पुसायच्या बटणावर, पोचलेला असतो.

मुळात कशासाठी?

मी आधी हेच विचारतो. निम्म्या लोकांना विंडोज ११ नको असतं म्हणजे स्टार्टचं बटण मध्यभागी नको असतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथे जाऊन अलाइनमेंट 'लेफ्ट' करा, झालं. उरलेल्यांपैकी बरेच म्हणतात, "११ लय स्लो." मशीन उघडलं तर आत ४ जीबी रॅम. तिथे विंडोज १० टाकलंत तरी दोन महिन्यांनी तेच गाऱ्हाणं घेऊन याल. त्या पैशात रॅम वाढवा.

शिवाय तारखा बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून मिळणारे जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच बंद झाला. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे ७ टाकून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, मग तो नातेवाईक का असेना.

'गो बॅक' शोधत बसू नका

११ वरून १० वर परत जायचं बटण रिकव्हरीत असतं, हे खरं. पण ते तुम्ही स्वतः १० वरून ११ वर अपग्रेड केलं असेल तरच, आणि तेही साधारण पहिले १० दिवस. कंपनीतूनच ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपला परत जायला मागे काही नसतंच. तिथे सगळं पुसून नव्याने टाकणं हाच मार्ग.

म्हणून पुसण्याआधी रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे मूळचं विंडोज परत टाकता येईल असा पेनड्राइव्ह, बनवा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह लहान पडू शकतो, ३२ चा घ्या. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते आधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. हे राहिलं की नंतर फार वणवण होते.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, हा त्याहून मोठा खड्डा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे कुलूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं, तर मशीन ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं कुणाच्या नावाने उघडलं ते आठवत नसेल तर आतले फोटो गेले समजा. आधी ती 'की' उतरवून घ्या, मग बायोसला हात लावा.

'ड्राइव्ह सापडत नाही'

सगळ्यात जास्त लॅपटॉप इथे अडकतात. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, भाषा निवडली जाते, आणि डिस्कच्या यादीत काहीच नाही. लोक म्हणतात एसएसडी (आतली डिस्क) मेली. मेलेली नसते. इंटेलच्या ११ व्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर (ती विंडोजला ओळखून देणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोज १० च्या सेटअपमध्ये नसतो.

उपाय दोन. पहिला, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. एक्झी फाईल तशीच पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही. ती उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) आतल्या .inf आणि बाकीच्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच दिसते. दुसरा, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. हा सोपा वाटतो, पण मूळचं विंडोज ११ अजून पुसलं नसेल तर ते त्यानंतर सुरूच होत नाही. मन बदललं तर बायोसमधली ती सोय परत चालू करावी लागते. मी पहिलाच वापरतो.

'डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज टाकता येत नाही' असा संदेश आला तर डिस्क पुसू नका. जीपीटी म्हणजे डिस्कची नवी मांडणी, आणि पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालाय. तो नव्या यूईएफआय पद्धतीने बनवा, काम होतं.

दोन डिस्क असतील तर दुसरी काढून ठेवा. लग्नाचा सगळा व्हिडिओ असलेली डिस्क 'डिस्क ०' समजून पुसलेली मी पाहिली आहे. त्या घरात जाऊन ते सांगायचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं.

काकांचं वायफाय

नव्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये नसतो, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकही नसतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. विंडोज १० ला वेगळं काही लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट पुढे जातं, म्हणजे रेंज नसलेल्या वाडीतही जमतं. काकांचं काम दहा मिनिटांत झालं. मी फक्त चहा घेतला.

लायसन्स

विंडोज ८ पासून लॅपटॉपच्या विंडोजची लायसन्स 'की' बायोसमध्येच बसवलेली असते. सेटअप ती वाचतो आणि 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असेल तर न विचारता तेच टाकतो. जुन्या विंडोजवर जायचा हक्क 'प्रो' आवृत्तीला असतो, 'होम'ला नाही. आणि अॅक्टिव्हेशन अडलं म्हणून कुणी अँटिव्हायरस बंद करून चालवायचा क्रॅक दिला तर तो घेऊ नका. त्याच्याबरोबर आणखी कोण घरात शिरतं ते दिसत नाही.

विंडोज ७ बद्दल थोडक्यात: त्याला यूएसबी ३ कळत नाही, त्यामुळे सेटअपमध्येच माऊस आणि कीबोर्ड गप्प बसतात. एनव्हीएमई, म्हणजे आजच्या वेगवान प्रकारची एसएसडीही त्याला मुळात दिसत नाही. आजच्या मशीनवर त्याचा नाद सोडा.

लाईटचं म्हणाल तर, विंडोज टाकताना गेली तर फार बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून टाका. बायोस अपडेट करताना गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे तो अपडेट बॅटरी भरलेली असल्याशिवाय आणि चार्जर लावल्याशिवाय करायचाच नाही.

खरी गरज असेल तर

एक छापखानेवाले आहेत. दशावताराची हँडबिलं, लग्नपत्रिका, सगळं जुन्या पेजमेकरवर. त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, १६ बिटचा. तो ६४ बिट विंडोजवर चालत नाही, मग ते विंडोज ७ असो की ११. आणि ११ तर ३२ बिटमध्ये मिळतच नाही. त्यांना नव्या मशीनवर जुनं विंडोज हवं होतं. मी नवं तसंच ठेवलं आणि आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवणारा प्रोग्रॅम) त्यांच्याच जुन्या सीडीवरचं ३२ बिट विंडोज बसवलं, नेट तोडून. प्रोग्रॅमचा डोंगल (लावल्याशिवाय तो चालत नाही अशी किल्ली) यूएसबीचा होता, तो आत जोडता आला. समांतर पोर्टवाला (जुन्या प्रिंटरच्या रुंद भोकात बसणारा) असता तर जुना डेस्कटॉपच जपावा लागला असता. खाऱ्या हवेने त्याची पोर्टं हिरवी पडली होती, ती घासून दिली आणि तोही अजून कोपऱ्यात चालू आहे.