‘तुघलक’ बसवताना या चुका टाळा : सुलतानाला वेडा ठरवण्याची घाई नको

आपल्याकडे ‘तुघलकी’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. न सांगता नळाची वेळ बदलली, की तुघलकी कारभार. परीक्षेचं केंद्र आदल्या रात्री हलवलं, की तुघलकी फर्मान. ‘लहरी महंमद’ तर आजीच्या तोंडीसुद्धा असतो. नट हा शब्द डोक्यात घेऊनच तालमीला येतो आणि गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ पहिल्या वाचनालाच अर्धं हातातून निसटतं.

1964 साली कन्नडमध्ये आलेलं हे 13 प्रवेशांचं नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलं. सुरुवात 1327 च्या दिल्लीत, आणि उत्तरार्ध थेट आपल्या दौलताबादेत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना जो किल्ला आपण बसच्या खिडकीतून बघतो, त्याच्या तटावर या नाटकातला सगळ्यात एकाकी प्रवेश घडतो. म्हणून मराठवाड्यातल्या हौशी मंडळींना, कॉलेजच्या मुलांना हे नाटक करावंसं वाटतं, आणि वाटावंच. गेल्या काही वर्षांत चार-पाच गटांच्या तालमींना मी बसलो आहे, दोनदा स्वतः बसवलंही आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिल्या प्रवेशापासूनच वेड

परभणीकडचा एक गुणी मुलगा महंमद करत होता. पहिल्या प्रवेशात सुलतान न्यायालयाबाहेर येतो तेव्हा हा डोळे गरागरा फिरवत आला. थांबवलं. म्हणालो, अरे, शांत बोल, तो प्रजेशी बोलतोय. तर म्हणाला, “सर, हा येडाच हे की. मग इतकं शांत कामून बोलायलाय?”

प्रश्न अगदी खरा होता. त्याला म्हटलं, पहिल्या प्रवेशात हा माणूस नेमकं करतो काय, ते एका कागदावर लिहून काढ. त्यानं लिहिलं : सरकारनं जमीन घेतली म्हणून एक ब्राह्मण सुलतानावरच दावा लावतो. काझी निकाल सुलतानाच्या विरुद्ध देतो. सुलतान तो भर लोकांत मान्य करतो, वर पाचशे दिनार आणि नोकरी देतो. मग राजधानी दौलताबादला नेण्याचं जाहीर करतो आणि त्याचं कारणही सांगतो. दौलताबादेत हिंदूंची वस्ती मोठी, तिथं राजधानी गेली तर दोन्ही समाजांतला दुवा पक्का होईल.

मुलानं कागद परत वाचला आणि गप्प झाला. यातली एकही गोष्ट वेड्याची नाही. आज एखादा अधिकारी असा वागला तर आपण त्याचा सत्कार करू. प्रेक्षकानं या माणसावर आधी विश्वास टाकला पाहिजे. पडणाऱ्याची उंचीच दिसली नाही, तर पडल्याचं दुःख कशाचं?

तेव्हापासून मी नटांना एक वही करायला सांगतो. प्रत्येक प्रवेशापुढे दोनच ओळी, त्याही सुलतानाच्या तोंडून. ‘आज मला काय हवंय?’ आणि ‘त्यासाठी मी काय मोजायला तयार आहे?’ ‘इथे तो क्रूर होतो’ असं त्या वहीत लिहायचं नाही, कारण कुणीही स्वतःला असं सांगत नसतो. तुम्ही लिहाल : ‘मला हे लोक माझ्यासोबत हवेत. त्यासाठी मी माझी हार चारचौघांत मान्य करीन.’ पुढच्या प्रवेशांत पहिली ओळ फारशी बदलत नाही, दुसरी भयंकर होत जाते. ही दुसरी ओळ वाढत जाताना दिसली, की नाटक उभं राहतं.

शहाबुद्दीनचा खून : लाल दिवा आणि हसू

ही चूक माझ्याच हातून झाली. सहाव्या प्रवेशात सुलतान शहाबुद्दीनला स्वतः भोसकतो. पहिल्यांदा बसवताना मी तिथं लाल प्रकाश टाकला, मागे नगारा वाजवला आणि महंमदाला खदाखदा हसायला लावलं. प्रयोगात तो हसला आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून प्रेक्षकही हसले. विंगेत उभं राहून ते हसू मला ऐकू येत होतं. प्रवेश तिथंच मेला.

पुढचा महिना संहिता घेऊन बसलो तेव्हा कळलं, की मी खून बसवला होता, दगाफटका बसवायचा राहिला होता. शहाबुद्दीन हा महंमदाला आदर्श मानणारा तरुण. सुलतानानं स्वतःच्या बापाचा आणि भावाचा खून नमाजाच्या वेळी केला, अशी कुजबुज नाटकात आधीपासून चालू आहे. आता त्याच नमाजाच्या वेळी सुलतानाला मारायचा कट अमिरांनी रचला, आणि त्यात हा पोरगा सामील आहे. ज्याच्यावर भरवसा टाकला तोच खंजीर घेऊन आला. त्या क्षणी महंमदाला राग असेल, पण रागाच्या खाली ‘हासुद्धा?’ असं एक लहान मुलासारखं दुखणं आहे. म्हणून तो एकदा भोसकून थांबत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही लाल दिवा काढला, नगारा काढला. दरबाराचा जो प्रकाश आधी होता तोच ठेवला. भोसकून झाल्यावर नट थांबला, हाताकडे बघितलं, आणि मग अगदी हळू आवाजात बरनीला विचारलं, की हे असं का व्हावं. बरनीला ते खरंच विचारायचं. बरनी इतिहास लिहिणारा आहे, त्याच्याकडे उत्तर असेल असं महंमदाला वाटतं. सभागृहात कुणी हललं नाही.

यानंतर जे येतं तिथं नटांची गाडी हमखास घसरते. महंमद लगेच हुकूम सोडतो. शहाबुद्दीन सुलतानाला वाचवताना हुतात्मा झाला अशी दवंडी. नमाज बंद. दिल्ली पंधरा दिवसांत रिकामी. पहिल्या प्रवेशातलं आमंत्रण इथं सक्ती होतं. हे हुकूम ओरडून सोडू नका. दुखावलेला माणूस कामाला लागतो, कारण काम करताना दुखत नाही. यादी वाचावी तसे, एकामागून एक, थंड.

दुसरं टोक : त्याला साधू करणं

वेडेपणाची चूक कळली, की चांगले दिग्दर्शक उलट्या बाजूला जातात. काळाच्या पुढचा द्रष्टा, लोकांना न समजलेला राजा. मग संहितेला कात्री लागते. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं हे खरं, पण कात्री पहिल्यांदा सावत्र आईवर आणि शेख इमामुद्दीनवर चालते, आणि हेच नको.

इमामुद्दीन सुलतानाचा उघड टीकाकार. दिसायला सुलतानासारखाच. महंमद त्याला शांतिदूत म्हणून बंडखोर ऐन-उल-मुल्ककडे पाठवतो, शाही कपड्यांत, हत्तीवर. समोरच्यांना वाटतं सुलतानच आला, आणि शेख मारला जातो. एका डावात टीकाकारही गेला आणि बंडही मोडलं. बुद्धिबळ खेळणाऱ्याची ही बुद्धी आहे. ती काढून टाकली तर राहतो तो बिचारा, आणि बिचाऱ्याची शोकांतिका होत नाही. आपल्या दारी बिचारे थोडे आहेत का?

सावत्र आईचा प्रवेश तर नाटकाचा कणा आहे. सुलतानाचा सल्लागार नजीब, त्याला तिनं विष दिलं, महंमदाच्या प्रेमापोटी. आणि महंमद तिला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा देतो. ती त्याला विचारते, बाप आणि भाऊ मारताना काय झालं होतं? तो सांगतो, ते मी एका ध्येयासाठी केलं. इथं नट कबुली दिल्यासारखा मान खाली घालतो. घालू नका. त्याला ते अजूनही खरं वाटतं. किंवा खरं वाटून घ्यावंच लागतं, नाहीतर आजवर सांडलेलं सगळं रक्त फुकट. ‘मोजायला तयार आहे’ची ओळ इथं सगळ्यात लांब असेल. वहीत ती लिहायला माझ्या एका नटाला तीन दिवस लागले.

इतिहास आणि नाटक यांचा काला

तालमीत कुणीतरी मोबाईलवर शोधतो आणि सांगतो, “सर, बाप तर मांडव पडून मेला.” बरोबर आहे. 1325 साली अफगाणपूरला लाकडी मंडप कोसळून गियासुद्दीन तुघलक मेला, आणि तो अपघात की घातपात यावर तेव्हापासून वाद आहे. नाटकातल्या महंमदाला मात्र या वादाची पळवाट नाही. तुम्ही नाटक करताय, तेव्हा नाटकातलं सत्य धरा. महंमदानं चांदीच्या मोलानं चालवलेल्या तांब्याच्या नाण्यांचंही तसंच. लोकांनी ती घरोघर खोटी पाडली. खऱ्या बरनीनं नाण्यांचे ढीग तुघलकाबादला पडल्याचं लिहिलंय. कार्नाडांनी ती खोटी नाणी महंमदाच्या गुलाबबागेत ओतली. जिथं फारसी कवी सादीच्या कवितेसारखी बाग फुलवायची होती, तिथं तांब्याचा ढिगारा. नेपथ्यकारानं कोपऱ्यात चार प्लास्टिकची फुलं ठेवली तर यातलं काही पोचत नाही. बाग आधी सुंदर दिसली पाहिजे. निदान महंमद तिच्याबद्दल बोलताना तरी.

इतिहास टाकून द्या असं मात्र मी म्हणत नाही. गर्दीतल्या माणसांसाठी तो फार कामाचा आहे, आणि तो आपल्या दारात आहे. इब्न बतूता दिल्ली-दौलताबाद प्रवास 40 दिवसांचा सांगतो. त्या स्थलांतरात सूफी संत आले, कवी आले, कारागीर आले. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी दिल्लीहून आले आणि खुलताबादच्या मातीत विसावले. जी बोली घेऊन ही माणसं इथं उतरली, तिचीच पुढे दख्खनी झाली, आजही आपल्या शहागंजात कानावर पडते. 1347 मध्ये याच दौलताबादेत दख्खनच्या अमिरांनी बंड करून बहमनी सत्ता उभी केली. तेव्हा गर्दीतल्या नटाला नुसतं “थकल्यासारखं चाल” म्हणू नका. त्याला खुलताबादला घेऊन जा. तो कुणाचं बोट धरून निघाला होता, कुणाला वाटेत पुरून आला, हे त्याला ठरवू द्या.

अझीझ म्हणजे विनोद नव्हे

पहिल्या प्रवेशातला तो ब्राह्मण म्हणजे वेश बदललेला अझीझ नावाचा धोबी. सुलतानाच्या प्रत्येक उदात्त योजनेतून हा आपला धंदा काढतो. कार्नाडांनी पारशी रंगभूमीची रीत घेतली आहे. पडद्यापुढे हलके प्रवेश, मागे दरबाराचे. म्हणून आपले लोक अझीझ आणि त्याचा साथीदार आझम यांना वगातल्या बतावणीसारखं करतात. टाळ्या मिळतात, शेवट मात्र लुळा पडतो. कारण शेवटी खलिफाच्या वंशजाचा खून करून, त्याच्याच वेशात आलेला अझीझ सुलतानासमोर उघडा पडतो, आणि ठासून सांगतो की तुमचा खरा शिष्य मीच. सुलतान त्याला मारत नाही, दख्खनच्या फौजेत अधिकारी नेमतो. तेराव्या प्रवेशात हे पटायचं असेल तर पहिल्यापासून अझीझ हुशार आणि थंड दिसला पाहिजे. माझ्या मते हीच भूमिका सगळ्यात कठीण.

बोलण्याबद्दल थोडकंच. सिनेमातल्या सुलतानासारखं ‘ख’ घशातून खरवडू नका. निजामाच्या राज्यात वाढलेली पिढी आपल्याकडे परवापरवापर्यंत होती. त्यांच्या मराठीत फारसी-उर्दू शब्द किती सहज यायचे, ते घरात विचारा आणि तसं बोला.

किल्ल्यावर एकदा जाऊन या

आठवा प्रवेश करायचा आणि देवगिरी चढायचा नाही, असं निदान आपण मराठवाड्यातल्यांनी करू नये. या प्रवेशात रात्री तटावर दोन पहारेकरी आहेत. म्हाताऱ्यानं दिल्लीहून येताना घरची माणसं वाटेत गमावलीत, तरुण जेमतेम एकोणीस वर्षांचा. झोप हरवलेला सुलतान तिथं येतो, पोराला वय विचारतो आणि स्वतःच्या तरुणपणाचं बोलतो. नट इथं हमखास कवितावाचन करतात.

मी मुलांना सकाळी नेलं. खंदक ओलांडला, तासून सरळ केलेला कडा हात लावून बघितला, आणि अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलो. वटवाघळांचा वास, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, पुढच्याची पाठ दिसत नाही. महंमद करणाऱ्या मुलाला बॅटरी बंद करायला सांगितली. तो भिंत चाचपत वर आला. बाहेर उजेडात आल्यावर कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिला. मग आपणहून संवाद म्हणायला लागला, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पहारेकऱ्याचं काम करणारा पोरगा घाबरून अदबीनं उभा राहिला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात बरनी निरोप घेतो आणि सुलतानाला अखेर झोप लागते. इथं पडदा पाडायची घाई करू नका, संगीत तर मुळीच नको. त्याला झोपू द्या. श्वास संथ होऊ द्या. प्रेक्षकाला वाटू द्या की सुटला बिचारा. मग अजान. तो दचकून जागा होतो, इकडेतिकडे बघतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. त्या बघण्यात वेड दाखवू नका. नव्या गावात पहिल्या रात्री झोपलेलं मूल पहाटे जागं होऊन आई शोधतं, तेवढंच.