नाव झाकून व्हाइट वाइन चाखताना

निरनिराळ्या देशांच्या सहा बाटल्या आणाव्यात, वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि पाहुण्यांपुढे मांडाव्यात, म्हणजे ब्लाइंड टेस्टिंग झाले, असा माझाही समज होता आणि एरंडवण्यातील आमच्या घरी झालेल्या पहिल्या बैठकीत मी नेमके हेच केले. जर्मनीची रिसलिंग, इटलीची पिनो ग्रिजो, कॅलिफोर्नियाची शार्डोने अशी मांडणी होती. देशही वेगळे आणि द्राक्षेही वेगळी असल्यामुळे जो फरक जिभेला जाणवत होता तो मातीचा, हवेचा की द्राक्षाच्या जातीचा, हे कोणालाच सांगता येईना. शिवाय रिसलिंगची उंच, सडपातळ बाटली कागदातूनही ओळखू येत होती आणि एका बाटलीच्या तोंडावरचे आटे पाहून (न्यूझीलंडच्या बाटल्यांना बहुधा बुचाऐवजी आट्यांचे झाकण असते) अर्ध्या मंडळींनी वाइन न चाखताच ‘न्यूझीलंड’ असे लिहून टाकले. त्यानंतर मी एक पथ्य पाळू लागलो: द्राक्ष एकच ठेवायचे आणि देश बदलायचे.

पुण्यात बसून हे करायचे तर सॉव्हिन्यॉन ब्लाँ हे द्राक्ष सर्वांत सोयीचे पडते, कारण ते नाशिकलाही होते आणि परदेशी बाटल्याही मोठ्या दुकानांत मिळतात. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील एक (तिथल्या साँसेर गावची मिळाली तर उत्तम, पण ती महाग असते), न्यूझीलंडच्या मार्लबरोची एक, चिलीची एक, दक्षिण आफ्रिकेची एक आणि नाशिकची एक अशा पाच बाटल्या पुरेत. यांतील ल्वारची परंपरा शतकांची आहे. मार्लबरोमध्ये आधुनिक लागवड १९७३ साली सुरू झाली, आणि नाशिकच्या सॉव्हिन्यॉन ब्लाँची ओळख आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास झाली. चिलीतील कासाब्लांका खोऱ्याला पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या धुक्याचा गारवा मिळतो, तर नाशिकच्या शेतकऱ्याला उन्हाळा टाळण्यासाठी वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करून द्राक्षे जानेवारी ते मार्चदरम्यान उतरवावी लागतात. शार्डोने हे द्राक्ष पहिल्याच बैठकीसाठी मी सुचवणार नाही, कारण ती पुष्कळदा ओकच्या पिंपात मुरवलेली असते आणि मग देशाऐवजी पिंपच बोलू लागते. शेनिन ब्लाँ या द्राक्षाची घ्यायची झाल्यास ल्वारमधील वूव्रे गावची वाइन कोरडी आहे की गोडसर, हे लेबलवर पाहून घ्यावे, कारण पाच कोरड्या वाइनमध्ये एक गोड आली की ती लगेच उघडी पडते.

खरेदी करताना लेबलवरील साल पाहावे. सॉव्हिन्यॉन ब्लाँ बहुतांशी ताजेपणीच प्यायची असते, म्हणून दोन-तीन वर्षांहून जुनी बाटली घेऊ नये. न्यूझीलंड, चिली आणि दक्षिण आफ्रिका येथील द्राक्षतोड साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते, तर फ्रान्सची सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे दोन्हींवर एकच साल छापलेले असले, तरी दक्षिणेकडची वाइन सुमारे सहा महिन्यांनी थोरली असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दुकानाच्या काचेत ऊन खात उभी असलेली बाटली कितीही नामांकित असली तरी घेऊ नये. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत अशा बाटलीतील वाइन शिजल्यासारखी होते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो व तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. तो काढून घ्यावा आणि तारीख ठरवण्याआधी त्या दिवशी ड्राय डे तर नाही ना, हेही पाहावे.

पाच वाइन आणि सहा पेले, हा या बैठकीतला माझा आवडता भाग आहे. पाचांपैकी एक वाइन दोन वेगळ्या क्रमांकांखाली दोनदा द्यावी आणि सहापैकी कोणते दोन पेले जुळे आहेत, हे ओळखण्यास पाहुण्यांना सांगावे. देश ओळखणे ही बरीचशी हुशारीची बाब असते, पण जुळे ओळखणे ही जिभेची खरी परीक्षा आहे. सहा पेल्यांतून पंधरा जोड्या होतात, त्यामुळे डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याला पंधरांत एक एवढीच संधी असते. आठ पाहुण्यांत एखाद्याला नुसत्या नशिबाने जोडी सापडली तर नवल नाही, पण तिघा-चौघांना सापडली तर ती मंडळी खरोखर चाखत होती असे समजावे. मी स्वतः एकदा त्याच वाइनला एका पेल्यात दुसरा आणि दुसऱ्या पेल्यात पाचवा क्रमांक दिला होता. दुसऱ्या वेळी ती एका तीक्ष्ण, आंबट वाइनच्या पाठोपाठ आली होती आणि तिच्यापुढे मला ती मिळमिळीत वाटली, एवढेच त्याचे कारण. म्हणूनच हल्ली निम्म्या पाहुण्यांना डावीकडून आणि निम्म्यांना उजवीकडून सुरुवात करण्यास सांगतो.

झाकण्याचे काम दोघांनी वाटून घ्यावे, म्हणजे यजमानालाही चाखता येते. एकाच घाटाच्या सहा रिकाम्या बाटल्या आधीच जमवून, पाण्यात भिजत घालून त्यांची लेबले काढावीत आणि त्या साबणाचा वास राहणार नाही अशा धुवून वाळवाव्यात. सरबताच्या बाटल्या चालत नाहीत, त्यांचा वास जाता जात नाही. बैठकीच्या तासभर आधी पहिल्या माणसाने स्वयंपाकघरात एकट्याने नरसाळ्याने प्रत्येक बाटलीत ३७५ मिलिलिटर, म्हणजे अर्धी बाटली, वाइन ओतावी. ज्या वाइनचे जुळे करायचे, ती ७५० मिलिलिटरची बाटली दोन बाटल्यांत पूर्ण रिकामी होते, बाकीच्या चार बाटल्यांतील अर्धी वाइन जेवणासाठी उरते आणि सहाही बाटल्यांतील पातळी सारखी राहिल्यामुळे जुळ्यांचा सुगावा लागत नाही. त्याने प्रत्येक बाटलीच्या बुडाशी एक अक्षर लिहावे, कोणत्या अक्षरात काय आहे ते एका पाकिटात बंद करावे आणि मूळ बाटल्या कपाटात ठेवून बाहेर यावे. मग दुसऱ्याने आत जाऊन बाटल्यांची अदलाबदल करावी, त्यांवर नवे क्रमांक चिकटवावेत, बुडाची अक्षरे कागदाच्या चकतीने झाकावीत आणि अक्षर-क्रमांकाची जुळणी दुसऱ्या पाकिटात ठेवावी. दोन्ही पाकिटे एकत्र उघडेपर्यंत कोणालाच काही ठाऊक नसते. यजमानाच्या भुवईवरून उत्तर ताडणारे चतुर पाहुणे प्रत्येक घरात असतात, त्यांचा त्यामुळे निरुपाय होतो.

क्रमांक ४१७, २८३, ९५६ असे तीन आकडी आणि बेशिस्त असावेत. १, २, ३ लिहिले की पहिल्याला नकळत मान मिळतो. एका मित्राने पेठांची नावे देण्याची कल्पना काढली होती, ती मी मोडून काढली. सदाशिव पेठ लिहिलेल्या पेल्याला सदाशिव पेठेतला माणूस निःपक्षपातीपणे गुण देईल यावर माझा तरी विश्वास नाही.

आठ जणांसाठी ४८ पेले लागतात. ते घरात नसतातच, म्हणून केटरिंगवाल्याकडून एकसारखे, साधे, पारदर्शक आणि तोंडाशी किंचित निमुळते होणारे भाड्याने आणावेत. असे पेले कपाटातला, खोक्यातला आणि क्वचित डांबरगोळ्यांचा वास घेऊन येतात, तेव्हा ते नुसत्या पाण्याने पुन्हा विसळून मलमलच्या फडक्याने पुसावेत आणि एकेकात नाक घालून पाहावे. प्रत्येकापुढे पांढरा कागद अंथरून त्यावर सहा वर्तुळे काढावीत, वर्तुळात क्रमांक लिहावा आणि त्यावर पेला ठेवावा. प्रत्येक पेल्यात सुमारे ४० मिलिलिटर पुरते. सहा पेल्यांची मिळून २४० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ बाटलीचा तिसरा हिस्सा होतो, म्हणून घोट तोंडात घोळवून थुंकण्याची सोय हवीच. त्यासाठी आपल्या भाषेत आणि पुष्कळ घरांच्या माळ्यावर पिकदाणी आधीपासून आहे. ती घासून टेबलावर ठेवावी, सुरुवातीला सगळे लाजतात आणि तिसऱ्या पेल्यापर्यंत सरावतात. तरीही परतताना गाडी कोणी चालवायची, हे आधीच ठरलेले बरे.

वाइन १० ते १२ अंश सेल्सिअसला चाखावी. घरच्या फ्रिजमध्ये ती ४ ते ५ अंशांपर्यंत उतरते आणि इतक्या थंडीत वास दबून सगळ्याच वाइन सारख्या लागतात. हिवाळ्यात वीस मिनिटे आणि उन्हाळ्यात दहा मिनिटे आधी बाहेर काढल्यास काम होते. सहाही बाटल्या एकदमच बाहेर काढाव्यात, कारण गार पेला नेहमी जास्त कोरडा आणि टवटवीत वाटतो.

खोलीत त्या दिवशी उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि फोडणी यांपैकी काहीही नसावे. आमच्याकडे एकदा ऐन तिसऱ्या पेल्याच्या वेळी खालच्या मजल्यावर लसणाची फोडणी पडली, आणि पुढच्या तिन्ही पेल्यांत चार जणांनी ‘भाजका वास’ नोंदवला. जेवणाचे सारे पदार्थ बैठक संपेपर्यंत बंद स्वयंपाकघरात ठेवावेत. तोंड स्वच्छ करण्यासाठी पाणी आणि साध्या ब्रेडच्या फोडी किंवा मीठ न लावलेले कुरमुरे ठेवावेत. बाकरवडी आणि श्रूजबेरी बिस्किटे नंतर, कारण गोडानंतर कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

आता शब्दांविषयी, कारण बहुतेक बैठका तिथेच अडतात. इंग्रजी पुस्तकांत सॉव्हिन्यॉन ब्लाँला गूजबेरीचा वास येतो असे वाचून आपली मंडळी पेल्यात आवळा शोधू लागतात. गूजबेरी हे युरोपातील वेगळे झुडुपी फळ आहे, त्याचा आवळ्याशी संबंध नाही, आणि आवळ्याचा तुरटपणा शोधत बसलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा मंडईत फिरून आलेल्या नाकाला जे आठवते ते लिहावे. ढोबळी मिरची चिरल्यावर जो हिरवट वास सुटतो, तो या द्राक्षात खरोखरच असतो, कारण मेथॉक्सिपायराझिन गटातील तेच द्रव्य दोन्हींत आहे. द्राक्ष पिकत जाते आणि उन्हात राहते तसे ते कमी होते, म्हणून हिरवटपणाच्या प्रमाणावरून हवामानाचा अदमास बांधता येतो. पिकलेला पेरू, पॅशन फ्रूट आणि पपनसाची साल यांच्याकडे झुकणारा वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि मार्लबरोच्या वाइनमध्ये तो बहुधा दांडगा असतो. ल्वारच्या वाइनबद्दल पुस्तके चकमकीच्या दगडाचा उल्लेख करतात. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडल्यावर त्यांना जो जळका वास येतो, तो ज्याने घेतला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओली पाटी, गवती चहा, लिंबाचे पान, कैरीची फोड, हे सारे चालते. मात्र ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर ती देशाची खूण नव्हे, ते बुचाचे दूषण आहे. हे तपासण्याचे काम बाटल्या भरणाऱ्या पहिल्या माणसाचे, आणि त्यासाठी एक जादा बाटली घरात असावी.

डोळ्यांवर फार विसंबू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील बोर्दो येथील एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. पेल्यातील रंग किंचित हिरवट की सोनेरी, एवढे पाहून पुढे जावे.

पहिली वीस मिनिटे कोणीही बोलू नये, हा नियम यजमानाने कठोरपणे पाळावा. एकाने ‘पेरू!’ असे म्हटले की सगळ्यांना पेरू येऊ लागतो. प्रत्येकाने वास, चव, घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते, देशाचा अंदाज, जुळी जोडी आणि आवडीनुसार एक ते सहा असा क्रम कागदावर लिहून, कागद उलटा ठेवल्यावरच तोंड उघडावे. गुण देण्यापेक्षा क्रम लावणे बरे, कारण कोणी दहापैकी नऊखाली उतरत नाही तर कोणी सहाच्या वर चढत नाही. सगळ्यांचे क्रम प्रत्येक पेल्यानुसार बेरजेत मांडले की ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला.

मधेच काहीही उघड करू नये. स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची नावे झाकून जी प्रसिद्ध चाचणी घेतली, तीत व्हाइट वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलेना या वाइनरीची १९७३ सालची शार्डोने पहिली आली. मात्र तो निकाल रेड वाइनची फेरी होण्याआधीच जाहीर झाला आणि फ्रेंच परीक्षक पुढच्या फेरीत सावध होऊन बसले, असे सांगितले जाते. आपल्या दिवाणखान्यात एवढी प्रतिष्ठा पणाला लागलेली नसते, तरी पहिले पाकीट फुटले की माणसे आपले कागद खोडू लागतात, हे मी पाहिले आहे. म्हणून आधी सर्वांकडून पेन काढून घ्यावीत. मग जुळी जोडी सांगावी, त्यानंतर सर्वांत नावडत्या पेल्यापासून वर जात देश जाहीर करावेत आणि प्रत्येक वेळी कपाटातली मूळ बाटली आणून तिच्या पेल्याशेजारी उभी करावी.

त्यानंतर स्वयंपाकघराचे दार उघडावे. मूळ बाटल्यांत उरलेली वाइन जेवणासोबत संपली नाही, तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी, कारण पुढे ती चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागू लागते. केटरिंगवाल्याचे पेले त्याच रात्री धुतलेले बरे.