फिल्टर धुवायचा, पण त्यातला जीव राखून

फिल्टर नळाखाली घासून नव्यासारखा लख्ख केला आणि तीन-चार दिवसांत मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, ही मासे पाळणाऱ्यांची फार जुनी तक्रार आहे. दोष खाद्याला नाहीतर पाण्याला दिला जातो. घोटाळा मात्र बहुतेक वेळा त्या धुण्यातच झालेला असतो.

स्पंजावर आणि सिरॅमिक रिंगांवर जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर वाढलेला असतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की तो आणखी वाढतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी. तिसरं त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून आपण काढून टाकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं ते जंतू मारायलाच. स्पंज त्या धारेखाली धरून घासला की हा थरही मरू शकतो. नव्या टाकीत तो जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मासे भरलेली टाकी एका दुपारीत पुन्हा पहिल्या दिवसावर येऊ शकते.

कुणाचे मासे यातून वाचतात आणि कुणाचे नाही, याचं कारण पुष्कळदा पीएच असतं, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे कमी पीएचच्या मऊ पाण्यात खपून गेलेली चूक जास्त पीएचच्या जड, क्षारयुक्त पाण्यात महागात पडते.

केव्हा धुवायचा?

कॅलेंडर बघून नाही, प्रवाह बघून. फिल्टर नवा असताना किंवा नुकताच साफ केलेला असताना त्याच्या तोटीखाली एक लिटरचं भांडं धरा, ते किती सेकंदांत भरतं ते मोजा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे तेच भांडं भरायला दीडपट वेळ लागू लागला की धुण्याची वेळ आली. टाकीच्या काठावर अडकवायच्या हँग-ऑन फिल्टरमध्ये पाणी माध्यमातून, म्हणजे स्पंज-रिंगांतून, न जाता वरून उडी मारून टाकीत पडू लागतं, हीच खूण. हवेवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरमध्ये बुडबुडे नेहमीइतकेच येत असतात, पण नळीतून वर चढणारं पाणी कमी होतं आणि स्पंज दाबला की गाळाचा ढग उठतो. साधारण अंदाज हवाच असेल तर टाकीच्या आतल्या स्पंजाला दोन ते चार आठवडे, कॅनिस्टरला (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) दोन-तीन महिने. गोल्डफिशसारखे भरपूर घाण करणारे मासे असतील तर याच्या निम्मे.

धुताना

आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. टाकीतलं पाणी काढणार असाल तर हीटरही बंद करून पंधरा मिनिटं थांबा, कारण तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. मग टाकीतलंच आठ-दहा लिटर पाणी बादलीत घ्या. ही बादली फक्त माशांसाठीच ठेवलेली हवी, साबण कधीच न लागलेली.

स्पंज तसाच उचलला तर महिन्याभराचा गाळ वाटेतच टाकीत सांडतो. त्याच्याखालून प्लास्टिकची पिशवी सरकवा आणि पिशवीसकट वर घ्या. बादलीत तो चार-पाच वेळा दाबा, पिळू नका. पिळल्याने स्पंज लवकर फाटतो. पाणी फार काळं असेल तर दुसऱ्यांदा ताजं टाकीचं पाणी घेऊन पुन्हा दाबा. पाणी फिक्या चहासारखं दिसू लागलं की थांबायचं. स्पंजाचा तपकिरी रंग राहिला तरी चालतो, तो राहायलाच हवा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा. बादलीतलं काळं पाणी झाडांना घाला, त्यांना ते मानवतं.

सिरॅमिक रिंगांना दरवेळी हात लावायची गरज नाही. दोन-तीन खेपांतून एकदा त्या जाळीसकट टाकीच्या पाण्यात बुडवून हलवल्या की पुरे. पांढरं फिल्टर वूल (कापसासारखा गाळणीचा थर) मात्र धुण्याच्या भानगडीत न पडता फेकून नवं घाला. कार्ट्रिजवर (कापडात कार्बन भरलेली तयार गाळणी) ‘दर महिन्याला बदला’ असं छापलेलं असतं, पण ती सूचना विकणाऱ्याच्या सोयीची जास्त आहे. कापड फाटलं नसेल तर आतला कार्बन काढून टाका आणि तेच कार्ट्रिज खळबळून परत लावा. कार्बन तीन-चार आठवड्यांत निकामी होतो. पाण्यातली पिवळट झाक किंवा औषध काढायला तो उपयोगी, एरवी नसला तरी अडत नाही. माशांवर औषधोपचार चालू असताना तर तो काढलाच पाहिजे, नाहीतर औषध माशांऐवजी कार्बनच पितो.

माध्यम परत लावताना पाणी ज्या बाजूने आत येतं तिथे जाड छिद्रांचा स्पंज, मग बारीक स्पंज किंवा वूल आणि शेवटी रिंगा. क्रम उलटा झाला तर रिंगांची बारीक छिद्रं गाळाने बुजतात. हे सगळं अर्ध्या तासात आटपा आणि तोवर स्पंज, रिंगा टाकीच्या पाण्यात बुडवूनच ठेवा. फरशीवर सुकू देऊ नका.

इम्पेलरकडे दुर्लक्ष नको

स्पंज साफ आहे तरी प्रवाह मंद, किंवा फिल्टर खडखडतोय, तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, बघा. मोटरच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं की चुंबक आणि पाती असलेला हा छोटा तुकडा बाहेर ओढता येतो. सरळ ओढा, कारण आतला सिरॅमिक दांडा वाकडा जोर लागला की कटकन मोडतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराची इवलीशी टोपणं असतात. ती मोरीत वाहून गेली की फिल्टर कायमचा खडखडतो, म्हणून हे काम ताटात करा. चिकट थर जुन्या टूथब्रशने काढा आणि चुंबक बसतो तो खळगाही घासा. क्षारांचा पांढरा थर असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात इम्पेलर तासभर ठेवा, मग नळाखाली खळखळून धुवा. इथे नळाचं पाणी चालतं. व्हिनेगर मात्र स्पंजाला किंवा रिंगांना लागता कामा नये.

कॅनिस्टर असेल तर नळ्या सोडवण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. झाकणाची रबरी रिंग काढून पुसा, तिच्या खोबणीत एक वाळूचा कण राहिला तरी रात्रभर ठिबक लागते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने काही प्रकारचं रबर फुगतं. डबा पाण्याने भरून मगच सुरू करा आणि खाली कोरडा कागद अंथरून दहा मिनिटं लक्ष ठेवा. वायर प्लगपर्यंत जाताना मध्ये थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगपाशी न जाता तिथूनच ठिबकेल. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं पंपात उतरू शकतं.

वीज गेली तर

जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच येतो. उघड्या स्पंज फिल्टरला काही तासांचा खंड सोसतो. बंद कॅनिस्टर मात्र आतला ऑक्सिजन लवकर संपवतो आणि जिवाणू मरून तिथेच कुजू लागतात. चार-पाच तासांहून जास्त वेळ बंद राहिलेला कॅनिस्टर वीज येताच आपोआप सुरू झाला तर ते सडकं पाणी थेट माशांवर सुटतं. म्हणून प्लग काढून ठेवा. वीज आल्यावर डबा उघडून पाणी फेका, माध्यम टाकीच्या पाण्यात खळबळा, मग सुरू करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर धुणं जास्त काळजीने करा आणि पुढचे काही दिवस टाकी नवीच समजा.

धुतल्यानंतर

पहिले काही तास पाणी किंचित गढूळ दिसलं तर काळजी नको. दोन दिवस खाद्य निम्मं करा. त्याच दिवशी तळाची वाळू उपसू नका, जिवाणू तिच्यातही असतात. मध्ये आठवडाभर जाऊ द्या. २४ आणि ७२ तासांनी चाचणी किटने बघा: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. एखादं ०.२५ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) वर गेलं तर खाद्य बंद करून ३० ते ५० टक्के पाणी बदला आणि आकडा खाली येईपर्यंत रोज तसंच करा. नवं पाणी तापमानाला जुळतं आणि क्लोरीन काढलेलं हवं. क्लोरीन पाणी साठवून ठेवल्याने उडून जातं, पण काही ठिकाणी त्याऐवजी वापरलं जाणारं क्लोरामाइन तसं जात नाही. त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे ते निकामी करणारं द्रावणच लागतं.

स्पंज बदलायचा तो त्याचा भुगा पडू लागला की, आधी नाही. नवा स्पंज जुन्याशेजारी चार ते सहा आठवडे चालवून मगच जुना काढा.

कधी कधी फिल्टर व्यवस्थित, प्रवाह चांगला आणि तरी अमोनिया चढतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाक्यांत हे होतं. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातले क्षार खर्च करत राहतात, ते संपले की पीएच घसरतो आणि ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अशा वेळी घाबरून निम्मं पाणी एकदम बदलू नका. इतक्या आम्ल पाण्यात साठलेला अमोनिया बिनघातक रूपात असतो. पीएच झटक्यात वर गेला तर तोच विषारी होतो. रोज १० टक्के पाणी बदला, दरवेळी पीएच आणि अमोनिया मोजा, आणि तोवर फिल्टरला हात लावू नका.