एन्ड्युरन्स रायडिंगमध्ये यायचंय? आधी व्हेट गेटवर उभे रहा

मुंबईत महालक्ष्मीला रायडिंग शिकणारी पोरं हल्ली एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, कसं शिरायचं म्हणून विचारतात, आणि पहिला प्रश्न हमखास "घोडा कुठला घेऊ?" हाच असतो. घोड्याचं नंतर बघू हो. आधी एखाद्या स्पर्धेत व्हेट गेटवर, म्हणजे घोड्यांचे डॉक्टर तपासणी करतात तिथे, व्हॉलंटियर म्हणून जा, निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

शर्यत असते ८०, १२०, मोठ्या स्पर्धेत एका दिवसात १६० किमी, पण टप्प्याटप्प्याने, आणि दर टप्प्याला घोडा डॉक्टरसमोर. एफईआयच्या (घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात साधारण १५ मिनिटांत पल्स ६४ किंवा खाली यावी लागते आणि तुम्ही घोडा तपासणीला नेईपर्यंत तुमचं घड्याळ चालूच असतं, त्यामुळे मागून आलेला पण घोडा लवकर शांत झालेला रायडर आरामात तुमच्या पुढे निघतो. पहिले आलात आणि शेवटच्या तपासणीत घोडा लंगडला तर नंबर-बिंबर काही नाही, बाद.

पल्स घ्यायला शिकाच. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावायचा, लब-डब मिळून एक ठोका (नवीन माणूस दोन धरतो आणि उगाच टेन्शन घेतो), सरावाला १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. १६ ठोके म्हणजे ६४. निवांत उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात. हिरडी दाबून सोडली की दोनेक सेकंदात परत गुलाबी व्हायला हवी. पोटाला कान लावला तर गुडगुड ऐकू आली पाहिजे, पोट गप्प असेल तर लगेच डॉक्टरला हाक मारा. मग लंगडतोय का बघायला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवतात, तेव्हा दोरी ढिली धरा, ओढून धरलीत तर मान खालीवर होतेय की नाही तेच दिसत नाही.

आपल्या मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घोडा थंड होतो तो मुख्यतः घाम वाळूनच. २०१८ला अमेरिकेत ट्रायॉनला जागतिक स्पर्धेतली एन्ड्युरन्स शर्यत उष्णता आणि दमटपणामुळेच रद्द करावी लागली होती! त्यात घोड्याच्या घामात मीठ फार, पाण्याबरोबर तेही जातं म्हणून अंगातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागेलच असं नाही. पाणी पीत नसलेल्या घोड्याच्या तोंडात इलेक्ट्रोलाइट (क्षार) कोंबू नका, त्रास वाढतो. अंगावर पाणी ओतत रहा, थांबू नका.

डॉक्टरकीकडे वळायचं असेल तर परळचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच, १८८६पासूनचं. बारावी, नीट (NEET) परीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.

आणि तबेला निवडताना ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका, सईसाशी बोला, खोगीर काढल्यावर पाठीवरून हात फिरवू द्या म्हणा, दाबल्यावर घोडा पाठ चोरतो का ते बघा. मालक हात लावू देत नसेल तर दुसरा तबेला शोधा.