तलावाकाठची उन्हाळी वाडी : आधी पाण्याची वाट मोकळी सोडा, मग कुंपण घाला

होळी झाली की गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी झपाट्याने मागे सरकते आणि काठावर ओली गाळपेर, म्हणजे तलावाच्या पोटातली गाळाची जमीन, उघडी पडते. टरबूज, डांगर, काकडी, चवळी, भेंडी, कारले या जमिनीत थोड्या पाण्यावर जोमाने येतात. अडचण एवढीच की एप्रिल-मेमध्ये जंगलातले नाले-डबकी आटलेली असतात, गवत वाळलेले असते आणि जनावर याच काठावर उतरते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांना हे नवीन नाही.

जनावर आधी पाण्यासाठी येते, वाडी त्याला वाटेत सापडते. ज्यांनी काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग कुंपण ओढले, त्यांचेच कुंपण सगळ्यात आधी तुटते. तहानलेले रानडुक्कर तारेला थांबत नाही.

म्हणून ऊन वर आल्यावर पाण्याच्या कडेने एक फेरी मारा. ओल्या गाळात खूर स्पष्ट उमटतात. चितळाचा खूर अरुंद आणि पुढे टोकदार असतो. रानडुकराचा रुंद, बोथट, आणि चिखल मऊ असेल तर त्याच्या मागे दोन लहान ठिपकेही दिसतात. रोह्याचा (नीलगायीचा) खूर चितळापेक्षा बराच मोठा. जिथे खुरावर खूर पडलेले दिसतील, ती त्यांची रोजची वाट. तिच्या दोन्ही बाजूंनी बैलगाडी आरामात जाईल एवढी पट्टी मोकळी ठेवा आणि कुंपण फक्त आपल्या वाडीभोवती घाला. शेजारच्या वाडीवाल्यांशी बोलून सगळ्यांनी मिळून एकच वाट सोडली, तर प्रत्येकाचा राखणीचा ताण कमी होतो.

वाडी राखता येईल एवढीच करा. अर्धा एकर नीट राखलेला परवडतो, दोन एकर अर्धवट राखलेले परवडत नाहीत. मिरची, हळद, कारले यांना जनावर सहसा कमी तोंड लावते. ती बाहेरच्या ओळींत घ्या. टरबूज, काकडी, मका, भुईमूग, रताळी ही रानडुकराची आवडती. ती आत, मचाणाजवळ असू द्या.

कुंपणात सौर कुंपण सगळ्यात भरवशाचे, पण ते उन्हाळ्यात हमखास दगा देते आणि दोष यंत्राचा नसतो. जमीन कोरडी पडली की अर्थिंगची सळई नीट काम करत नाही, झटका सौम्य होतो. सळई ओलीच्या बाजूला ठोका, एक दिवसाआड तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओता. खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, कारण डुक्कर खालून घुसते. तारेला गवत टेकले की करंट जमिनीत उतरतो, म्हणून खालची पट्टी खुरपून स्वच्छ ठेवा. सौर कुंपणासाठी अनुदान मिळते का, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

सौर कुंपण नसेल तर बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या दाट रचा, आतून जुन्या साड्या बांधा. साड्यांना जनावर काही दिवस बिचकते, मग सरावते. जागा आणि रंग बदलत राहा. एक गोष्ट मात्र करू नका. बेशरमाच्या काड्या कुंपणाला रोवू नका. ओल मिळाली की त्या फुटतात, आणि पावसाळ्यात तलावात पसरल्या की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाहीत.

विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडणे हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्यात माणूस मरतो. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ गेले, बैल गेले, आणि रात्री बांधावरून जाणारी आपलीच माणसे गेली. विष घातलेली फळे आणि गावठी बॉम्ब यांचेही तेच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तुरुंगवास होतो. फोरेट या कीटकनाशकावर तर बंदीच आहे. तलावाकाठी टाकलेले विष पाण्यात उतरते, आणि ते पाणी आपलीच गुरे पितात, ते मासे आपणच खातो.

पाणी भल्या पहाटे द्यावे हे खरे, पण इथे नाही. पहाटे आणि संध्याकाळी बिबट, अस्वल, वाघ पाण्यावर असतात, आणि मोहफुलाच्या दिवसांत अस्वल तर गावालगत फिरते. वाफ्यात वाकलेला माणूस लांबून चार पायांचा दिसतो. उजाडल्यावर, दोघा-तिघांनी मिळून, बोलत-आवाज करत जा. वाडीभोवतीचे झुडूप पंधरा-वीस फूट मोकळे करा. जागल मचाणावरच करा, जमिनीवर झोपू नका. हातात टॉर्च असू द्या. पेटता टेंभा नको, पालापाचोळा एका ठिणगीने पेटतो. पाण्याची ओढ कमी करायला वेलांच्या बुडाशी धानाची तणस चार बोटे जाड पसरा. गाळ भेगाळत नाही आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. कोवळ्या रोपांवर दुपारी हिरवी शेडनेट ओढा.

टरबुजाच्या देठाजवळचा ताणा वाळला, जमिनीला टेकलेला डाग पिवळा पडला आणि टिचकीचा आवाज बदबद आला की फळ त्याच दिवशी उचला. पिकल्या फळाचा वास डुकराला लांबून येतो. फुटकी, किडकी फळे शेतात टाकू नका, खड्डा करून पुरा. यामुळे फळमाशीही आटोक्यात राहते. तिच्यासाठी वेलवर्गीय पिकात एकरी पाच क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावा आणि निंबोळी अर्क पाच टक्के फवारा. पाण्यालगतच्या ओळींत रासायनिक औषध अजिबात फवारू नका.

तरीही नुकसान झालेच तर रडत बसू नका, खुरांचे आणि उखडलेल्या वेलांचे फोटो लगेच काढा, पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका. तक्रार तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे करा. गाळपेर भाडेपट्ट्याची असेल तर पावती जवळ ठेवा, पंचनाम्याच्या वेळी ती कामी येते. वाघ-बिबट दिसला किंवा जखमी जनावर सापडले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जवळ जाऊन मोबाईलवर चित्रण करू नका.

आपल्या भागात सारस पक्षी आहेत, आणि उन्हाळ्यात ते पाणी उरलेल्या तलावांवर जमतात. काठावर सोडलेला नायलॉनचा एक तुकडा त्यांच्या पायाला पुरतो. म्हणून शेवटची तोडणी झाली की मृगाची वाट न पाहता जाळी, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि तारा सगळे गोळा करून घरी न्या. तलाव भरायला लागला की चिखलातून काहीच काढता येत नाही.