सॉनिक २ मधून काढून टाकलेले झोन: रॉममध्ये काय उरलंय ते स्वतः कसं तपासायचं

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरचा 'सॉनिक द हेजहॉग २' नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आला. कार्ट्रिजमध्ये जागा होती फक्त १ मेगाबाइट आणि मुदत होती ख्रिसमसच्या विक्रीच्या मोसमाची. त्यामुळे बरेच झोन (गेममधले वेगवेगळे प्रदेश; त्यांचे टप्पे म्हणजे अॅक्ट) अर्ध्यावर सोडावे लागले. त्यातला सगळ्यात गाजलेला हिडन पॅलेस. शिवाय वूड झोन आहे, जेनोसाइड सिटी नावाचा झोन आहे. त्यांच्याबद्दल ऐकीव गोष्टी भरपूर फिरतात. गेममध्ये खरोखर काय उरलंय हे घरच्या कॉम्प्युटरवर तपासता येतं, त्याची ही पद्धत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. लेव्हल म्हणजे एक अखंड वस्तू नसते. तिचा क्रमांक, टायटल कार्डवरचं (लेव्हल सुरू होताना येणाऱ्या पाटीवरचं) नाव, संगीत, रंगांचा पॅलेट, टाइल्सची (छोट्या चौकोनी तुकड्यांची) चित्रं, जमिनीचा आराखडा, शत्रू आणि रिंगा कुठे ठेवायच्या याची यादी, आणि त्या शत्रूंचा कोड हे सगळं रॉममध्ये, म्हणजे कार्ट्रिजच्या चिपमध्ये साठवलेल्या गेममध्ये, वेगवेगळ्या ठिकाणी असतं. लेव्हल रद्द झाली की जागा खाणारा भाग, म्हणजे चित्रं आणि आराखडा, आधी उडवतात. नाव, पॅलेट, धून यांना जागा कमी लागते, म्हणून ते तसंच पडून राहतं. 'हिडन पॅलेस अंतिम गेममध्ये आहे का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही ते यामुळे.

तयारी

रॉम स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेला असावा. फाइलचा आकार बरोबर १०,४८,५७६ बाइट हवा. तो १०,४९,०८८ दिसत असेल तर ती एसएमडी प्रकारची फाइल आहे: सुरुवातीला ५१२ बाइटचं जास्तीचं हेडर आणि पुढे १६ किलोबाइटच्या ठोकळ्यांत सम-विषम बाइट वेगळे केलेले. एम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुना कन्सोल चालवणारा प्रोग्राम) अशी फाइल निमूटपणे चालवतो, पण हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कुठलाच पत्ता जागेवर सापडत नाही आणि संध्याकाळ वाया जाते. आधी ती साध्या बिन प्रकारात बदलून घ्या.

एम्युलेटर असा हवा की त्यात मेमरी पाहता आणि गोठवता (म्हणजे तिथला आकडा कायम ठेवता) येईल. बिझहॉक या कामाला सोयीचा आहे, ब्लास्टएममध्ये चांगला डीबगर आहे. रेट्रोआर्कमधला जेनेसिस प्लस जीएक्स खेळायला उत्तम, पण तिथे मेमरी पाहताना शेजारशेजारचे दोन बाइट उलटेपालटे दिसू शकतात. मेगा ड्राइव्हचा ६८००० प्रोसेसर मोठा बाइट आधी लिहितो आणि तुमचा कॉम्प्युटर नंतर, त्याचा हा परिणाम. आकडे विचित्र वाटले तर पहिली शंका याचीच घ्या.

पहिली पायरी: गेमने स्वतः ठेवलेली दारं

ऑप्शन्समध्ये साउंड टेस्टवर जा आणि १९, ६५, ०९, १७ हे आवाज याच क्रमाने वाजवा. मुख्य प्रोग्रामर युजी नाका यांची ही जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५. शेवटच्या आकड्यानंतर रिंगचा आवाज येतो. स्टार्ट दाबून टायटल स्क्रीनवर परत या, ए बटण धरून ठेवा आणि स्टार्ट दाबा. लेव्हल सिलेक्ट उघडतो.

त्याच पडद्यावरच्या साउंड टेस्टमध्ये ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ वाजवा. हा अमेरिकेतल्या प्रकाशनाचा दिवस, २४ नोव्हेंबर १९९२. पुन्हा रिंग वाजली की कुठलीही लेव्हल निवडून ए धरून स्टार्ट दाबा म्हणजे डीबग मोड चालू होतो. लेव्हलमध्ये बी दाबला की सॉनिकची वस्तू होते, ए ने वस्तू बदलते, सी ने ती जागेवर बसते.

इथे दोनच चुका होतात. साउंड टेस्टचे आकडे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे, थोडक्यात हेक्स) आहेत, म्हणजे ०९ नंतर लगेच १० येत नाही, मध्ये ०ए ते ०एफ अशा सहा अक्षरी पायऱ्या आहेत. ए दाबला की एकदम सोळाची उडी बसते, तेवढं बोटांना कमी काम. दुसरं म्हणजे मध्ये एक जरी चुकीचा आवाज वाजला तर मोजणी शून्यावर जाते, तेव्हा पहिल्या आकड्यापासून सुरू करा.

आता साउंड टेस्टवर १० वाजवा. ही धून अख्ख्या गेममध्ये कुठल्याही खेळता येणाऱ्या लेव्हलला लावलेली नाही. हिडन पॅलेसच्या क्रमांकाला जोडलेली धून ती हीच. मग ०३ वाजवा. ही दोन खेळाडूंच्या मिस्टिक केव्हची धून, पण ऑगस्ट १९९२ च्या प्रोटोटाइपमध्ये (गेम पूर्ण होण्याआधीच्या चाचणी आवृत्तीत) हिडन पॅलेस खेळताना हीच ऐकू येते. म्हणजे झोन रद्द होण्याआधी त्याचं संगीत एकदा बदललेलं होतं. 'हिडन पॅलेसचं खरं संगीत कोणतं' यावरचे वाद ऐकले की आम्ही म्हणतो, कुठल्या महिन्याचं ते आधी सांगा.

दुसरी पायरी: क्रमांक देऊन झोन उघडणं

चालू झोन आणि अॅक्ट रॅममधल्या एफएफएफई१० या पत्त्यावर असतात. पहिला बाइट झोनचा, दुसरा अॅक्टचा. एमराल्ड हिल ००, वूड झोन ०२, मेट्रोपोलिस ०४ आणि त्याचा तिसरा अॅक्ट स्वतंत्रपणे ०५, हिल टॉप ०७, हिडन पॅलेस ०८. मधले ०१, ०३, ०९ रिकामे आहेत. यादी १० वर, म्हणजे स्काय चेसवर संपते (हाही हेक्स आकडा, आपला सतरावा).

लेव्हल सिलेक्टवर थांबा, मेमरी एडिटरमध्ये या पत्त्यावर ०८०० लिहून ते गोठवा आणि कुठलीही लेव्हल सुरू करा. टायटल कार्डवर हिडन पॅलेस हे नाव उमटेल, १० क्रमांकाची धून सुरू होईल. खेळण्याजोगं मात्र काही मिळणार नाही, कारण चित्रं आणि जमीन काढलेली आहे. नाव येऊन गेलं की गोठवलेला आकडा लगेच सोडा. तो तसाच राहिला तर पुढची प्रत्येक लेव्हल, अगदी डेमोसुद्धा, याच झोनकडे वळते आणि गेम बिघडल्यासारखा वाटतो.

१० च्या पुढचे क्रमांक टाकून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. खुशाल पाहा, पण जे दिसेल त्याला हरवलेली लेव्हल म्हणू नका. तक्त्याच्या पलीकडचे बाइट गेम पत्ता समजून वाचतो, त्यातून रंगीत कचरा तयार होतो किंवा गेम गोठतो. निन्टेन्डोच्या सुपर मारिओ ब्रदर्समधल्या प्रसिद्ध 'वजा एक' जगाचंही तेच: तक्त्यातला चुकीचा आकडा वाचला जातो आणि आधीच अस्तित्वात असलेली पाण्याची लेव्हल समोर येते. तिथे कुणी काही लपवलेलं नव्हतं.

तिसरी पायरी: डिसअसेम्ब्ली

खरा माल इथे आहे. सॉनिक रेट्रो या समुदायाने सॉनिक २ चा कोड उलगडून (हीच डिसअसेम्ब्ली) गिटहब या संकेतस्थळावर ठेवला आहे. तो उतरवून घ्या, मुख्य फाइलच्या सुरुवातीला गेमची आवृत्ती निवडणारी ओळ आहे ती तपासा (०, १ किंवा २), आणि काहीही न बदलता बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून रॉम बनवणारी फाइल) चालवा. तयार झालेली फाइल आणि तुमचा रॉम बाइट-बाइट ताडून पाहा. फरक निघाला तर बहुधा आवृत्ती चुकली आहे. दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नंतर दिसणारा फरक तुमच्या बदलामुळे की आधीपासूनचा, हे कळणार नाही.

रॉममध्ये थेट हेक्स एडिटरने बदल केलात आणि सुरू करताच पडदा नुसता लाल झाला तर घाबरू नका. हेडरमध्ये १८ई या पत्त्यावर बेरीज साठवलेली असते. गेम २०० (हेही हेक्स) या पत्त्यापासून शेवटपर्यंतचे सगळे सोळा-बिटी शब्द मिळवतो आणि बेरीज जुळली नाही की लाल रंग भरून थांबतो. डिसअसेम्ब्लीतून बिल्ड केलं तर ही बेरीज आपोआप दुरुस्त होते.

आता ऑब्जेक्टच्या, म्हणजे शत्रू, मॉनिटर वगैरे वस्तूंच्या, याद्या वाचायला शिका, कारण काढलेल्या लेव्हलचा नकाशा कधीकधी तिथेच सापडतो. प्रत्येक नोंद सहा बाइटची. समजा ओळ अशी आहे:

१२ ४० ०३ २० २६ ०४

पहिले दोन बाइट आडवी जागा: १२४० हेक्स म्हणजे ४६७२ पिक्सेल. पुढचे दोन उभी जागा, ०३२० म्हणजे ८००. उभ्या जागेत खरे १२ बिटच मोजायचे, वरच्या बिटांत वस्तू उलटी-सुलटी ठेवायच्या खुणा असतात. आकडा अवाच्या सवा मोठा आला तर तो याच बिटांमुळे. पाचवा बाइट वस्तूचा क्रमांक: २६ म्हणजे मॉनिटर (फोडला की बक्षीस देणारी पेटी). सहावा त्याचा उपप्रकार: ०४ म्हणजे दहा रिंगांचा. सॉनिक २ मध्ये जमीन १२८ पिक्सेलच्या चौकटींची बनते, तेव्हा ४६७२ ला १२८ ने भागा: ३६.५. ८०० ला भागा: ६.२५. शून्यापासून मोजलं तर हा मॉनिटर ३६ व्या स्तंभात, ६ व्या ओळीत आहे. यादीच्या शेवटी एफएफएफएफ येतं, तिथे थांबा. रिंगांची यादी वेगळी, तिच्यात नोंद चार बाइटची.

अशा जागा कागदावर मांडून त्यावर प्रोटोटाइपमधला नकाशा ठेवला की पटकन कळतं: वस्तू हवेत लटकत असतील तर ती यादी दुसऱ्याच, जुन्या किंवा नव्या आराखड्यासाठी केलेली आहे. हातानं करायचं नसेल तर सॉनएलव्हीएल हा लेव्हल एडिटर डिसअसेम्ब्लीवरच चालतो. पण दहा-वीस नोंदी हातानं सोडवल्याशिवाय एडिटर काय दाखवतोय त्यावर भरवसा ठेवू नये, असं आमचं मत.

कोडमध्ये हिडन पॅलेसच्या दोन वस्तू अजून शिल्लक आहेत: १२ क्रमांकाचा मोठा पाचू आणि १३ क्रमांकाचा धबधबा. त्या दुसऱ्या लेव्हलमध्ये आणून पाहता येतात. ऑब्जेक्टचा तक्ता एफएफबी००० पासून सुरू होतो, प्रत्येकाला ४० हेक्स बाइट, पहिला सॉनिक. एफएफबी४०० पासून पुढे एखादी रिकामी जागा शोधा, म्हणजे जिचा पहिला बाइट ०० आहे. एम्युलेशन थांबवा. सॉनिकच्या नोंदीतले ०८ पासूनचे दोन बाइट आणि ०सी पासूनचे दोन बाइट नव्या जागेच्या त्याच ठिकाणी उतरवा, आणि वस्तूचा क्रमांक सगळ्यात शेवटी लिहा. आधी क्रमांक लिहून एक फ्रेम जाऊ दिली तर वस्तू नकाशाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जन्मते आणि पडद्याबाहेर म्हणून पुसली जाते.

समोर पाचूऐवजी तुकड्यांची गोधडी दिसेल. तसंच व्हायला हवं. वस्तूच्या कोडला फक्त व्हीरॅममधली (चित्रं ठेवायच्या मेमरीतली) जागा ठाऊक असते, तिथे कोणतं चित्र आहे हे ती पाहत नाही. त्या जागी या लेव्हलचं भलतंच चित्र भरलेलं असतं. रंगही चालू लेव्हलच्या पॅलेटमधून येतात. गोधडीच्या फोटोवरून 'पाचू आधी असा दिसायचा' असं ठरवणं म्हणजे शुद्ध थाप.

चौथी पायरी: प्रोटोटाइपशी ताडून पाहणं

अंतिम रॉममध्ये सांगाडा मिळतो, अंगावरचं मांस प्रोटोटाइपमध्ये. ऑगस्ट १९९२ चा प्रोटोटाइप १९९९ मध्ये इंटरनेटवर आला. त्यात हिडन पॅलेसचा पहिला अॅक्ट बराचसा खेळता येतो. वाटेत तो हिरवा पाचू आडवा येतो, तिथून पुढे जायला डीबग मोडच लागतो. वूड झोनही चालतो, मेट्रोपोलिसच्या संगीतावर. जेनोसाइड सिटीचं नाव यादीत आहे आणि आत काही नाही. तिचा आराखडा पुढे मेट्रोपोलिसचा तिसरा अॅक्ट झाला, म्हणूनच त्या एका अॅक्टला ०५ हा वेगळा क्रमांक. याहून जुना, निकेलोडियनच्या 'निक आर्केड' या टीव्ही कार्यक्रमात दिसलेला प्रोटोटाइप २००६ मध्ये उपलब्ध झाला. तो जवळजवळ पहिल्या सॉनिकच्याच इंजिनावर उभा आहे.

यादीतल्या नावांवरून नवे झोन कल्पू नका. प्रोटोटाइपमधला डस्ट हिल उघडलात तर मिस्टिक केव्ह निघतो, निओ ग्रीन हिल उघडलात तर अॅक्वाटिक रुइन. हेडरमधल्या तारखेवरही विसंबू नका, जुन्या गेमचं हेडर तसंच चिकटवलेलं असू शकतं. दोन बिल्डमधला (वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या प्रतींमधला) आधीचा कोणता हे ठरवायला अनेक झोनांचे आराखडे आणि कोड शेजारी ठेवून पाहावे लागतात.

डिसेंबर २०१३ मध्ये मोबाइलसाठी आलेल्या आवृत्तीत हिडन पॅलेस पुन्हा दिसतो. मिस्टिक केव्हच्या दुसऱ्या अॅक्टमध्ये, जिथे मूळ गेमात काट्यांच्या खड्ड्यात पडलं की सुटका नसायची, तिथेच उडी मारायची. खेळायला मजा येते, जरूर खेळा. पण तो क्रिस्टियन व्हाइटहेड आणि सायमन थॉम्ली यांनी नव्याने पुरा केलेला झोन आहे, १९९२ चा पुरावा नव्हे. त्याच आवृत्तीच्या लेव्हल सिलेक्टमध्ये प्रोटो पॅलेस नावाची वेगळी नोंद आहे, जुन्या आराखड्याच्या जवळची. दोन्हींचे स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका.

नोंदी लिहिताना प्रत्येक शोधासमोर चार गोष्टी हव्यात: कोणता बिल्ड किंवा आवृत्ती, रॉममधला पत्ता, तो भाग गेममधून कुठूनही वाचला जातो का, आणि दाखवण्यासाठी तुम्ही काय बदललं. तिसऱ्या गोष्टीसाठी एम्युलेटरच्या डीबगरमध्ये त्या पत्त्यावर वाचनाचा ब्रेकपॉइंट (तो पत्ता वाचला गेला की गेम थांबवणारी खूण) लावा आणि गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन खेळाडूंच्या मोडसकट, खेळून काढा. डिसअसेम्ब्लीत कुणीतरी 'न वापरलेला' असा शेरा मारलाय एवढ्यावर तो रकाना भरू नका, आणि दोन खेळाडूंचा मोड वगळू नका. ०३ ची धून एकट्याने खेळताना कधीच वाजत नाही.