फेल्टच्या जाडीत गेलेली माझी लग्नसराई

ट्रम्पेटचे झिजलेले भाग स्वतः बदलायला निघाला असाल, तर आधी माझी चूक ऐका. तिच्यापायी माझी एक अख्खी लग्नसराई गेली आणि एक वॉल्व्ह (बटणाखालची झडप) कायमचा गेला.

माझा ट्रम्पेट मेरठचा, जुना घेतलेला. बटण दाबलं की खट्खट् वाजायचं, कारण बटणाखालची फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, दबून पापड झाली होती. हार्मोनियमसाठीची जाड फेल्ट मिळाली, ब्लेडने चकत्या कापल्या आणि तिन्ही वॉल्व्हना एका बैठकीत बसवल्या. खटखट थांबली. पण दुसऱ्या दिवशी वरातीत सूर कोंडलेले, जणू बेलमध्ये, म्हणजे पुढच्या पसरट तोंडात, कुणी रुमाल खुपसलाय. ओठ कमी पडतायत असं समजून मी दोन महिने लांब सूर घोटत बसलो. मग वाटलं, पिस्टनच (वॉल्व्हच्या आत वरखाली सरकणारा दट्ट्या) अडत असणार, आणि पहिल्या पिस्टनवर पॉलिश पेपर फिरवला.

हे कधीही करू नका. ब्रासोही नको. पिस्टन आणि नळकांड्यात केसाच्या जाडीपेक्षा कमी फट असते. ती वाढली की हवा तिथूनच निसटते, आणि नव्याने मुलामा चढवून पिस्टन बसवणं घरच्या टेबलावर होत नाही.

मूळ दोष फेल्टचा होता. फेल्ट निव्वळ आवाज दाबायला असते हा माझा समज चुकीचा. पिस्टन कुठे थांबायचा, हे तीच ठरवते. बटणाखालची फेल्ट पिस्टन किती खोल जाईल ते ठरवते, वॉल्व्हच्या वरच्या टोपणाच्या आतली फेल्ट किंवा कॉर्क तो किती वर येईल ते. पिस्टनमधली भोकं नळ्यांच्या तोंडाशी तंतोतंत जुळली नाहीत तर हवेच्या वाटेत पायरी तयार होते. म्हणून आधी कान लावा. बिनबटणाचे सूर कोंडत असतील तर टोपणाच्या आत बघा. बटण दाबल्यावरचेच कोंडत असतील तर बटणाखाली. माझे दाबलेलेच कोंडत होते. एवढं तेव्हा कळलं असतं तर पिस्टन वाचला असता.

डोळ्यांनीही तपासा. दुसऱ्या वॉल्व्हची छोटी नळी काढा, बटण दाबून धरा, आत बॅटरी मारा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. खालच्या कडेला धातूची चंद्रकोर दिसली तर पिस्टन वरच अडलाय, म्हणजे फेल्ट जाड. वरच्या कडेला दिसली तर तो जास्त खोल गेलाय, फेल्ट पातळ. जुनी चकती मोजून तेवढीच नवी कापणं हाही उपाय नाही, जुनी दबलेली असते! जाड कापा, बघा, थोडी तासा, पुन्हा बघा. आणि एका वेळी एकच वॉल्व्ह उघडा. पिस्टनवर १, २, ३ आकडे असतात, तरी अदलाबदल होतेच.

दुकानदार ‘सगळ्याला बसतं’ म्हणून तयार फेल्टचं पाकीट पुढे करेल. घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एखाद्या बँडमास्तरांच्या शेजारी चार संध्याकाळी बसा. माझे मास्तर फार बोलत नसत. वाद्य हातात घेऊन तीनदा बटण दाबलं आणि म्हणाले, “अरे, पिस्टन खाली पोचतच नाहीये.” मी मात्र दोन महिने ओठांना दोष देत होतो.

घाबरू मात्र नका, बाकीची कामं सोपी आहेत. पिस्टन वर ढकलणारी स्प्रिंग ताणून लांब करू नका, तिन्ही एकदम बदला. पाणी काढायच्या खिटीचं कॉर्क तर आजच बदलून बघा. त्यावर खोल गोल खाच पडली असेल तर ते गळतं. नवं फार जाड घेतलंत तर मागच्या कडेवर टेकतं आणि पुढून हवा सुटते. चपडा लाखेने चिकटवा, थंड होईपर्यंत दाबून धरा.

फेल्ट बदलून आठवडा झाला की पुन्हा बॅटरी घेऊन बसा. नवी फेल्ट पहिल्या काही दिवसांत दबते, आणि चंद्रकोर वरच्या कडेला उगवते.